बसल्यावरचं माप

"बसा," रुबिएला म्हणाली.

अकरा मुली अकरा लाकडी स्टुलांवर बसल्या आणि अकराही जणींचे हात एकदम मागे, कमरेकडे गेले. मांजरपाटाच्या कोऱ्या पँटी पाठीमागून चार-चार बोटं खाली घसरल्या होत्या आणि पुढे पोटाखाली कापडाचा फुगा आला होता.

"उठा."

उठल्या. पँटी पुन्हा जागच्या जागी. उभ्याने पाहिलं तर नाव ठेवायला जागा नव्हती.

"बसा."

पुन्हा अकरा हात मागे.

रुबिएला ओसोर्नोने गळ्यातली टेप काढून टेबलावर आपटली. पित्ताशयाचं ऑपरेशन होऊन तीन आठवड्यांनी ती आज वर्गात आली होती. टाके अजून ओढत होते आणि काही दिवस चिडू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. डॉक्टरांचं काय जातं सांगायला? त्यांना तिसऱ्या सत्राला पँटचं कटिंग शिकवायचं नसतं.

"कुणाचा हा पराक्रम? तीन आठवडे मी नव्हते, तर तेवढ्यात बायकांना ढुंगण असतं हेच विसरलात होय गं तुम्ही?"

मुली खाली बघून हसू दाबू लागल्या. लेइदी तेवढी हसली नाही. ती वर्गातली सगळ्यात नेटकी मुलगी. टाचण्यासुद्धा एका रेषेत लावणारी.

"प्रोफे, ही तुमचीच पद्धत आहे," ती म्हणाली. "पुस्तकाबरहुकूम केलीय. म्हणजे लेखाबरहुकूम."

"कसला लेख?"

लेइदीने मोबाइल पुढे केला. रुबिएलाने चष्मा कपाळावरून खाली ओढला. लेखाचं नाव तीन ओळींचं होतं आणि त्यात 'बसलेले देह' एवढंच तिला कळलं. खाली नाव होतं, डॉ. पाउलिना एचेव्हेरी. रुबिएला आजारी असताना तिचे तास पाउलिनानेच घेतले होते, तेही पडद्यावर चित्रं दाखवून. तीन आठवड्यांत वर्गातल्या कात्रीला कुणाचा हात लागला नव्हता. पँटी मुलींनी घरी शिवून आणल्या होत्या.

"इथे वाचा," लेइदी म्हणाली. "'माहितगार क्रमांक तीन, स्त्री, वय एकोणसाठ, माजी कारखाना कामगार, हिच्या सांगण्यानुसार आसनाचं माप दोनदा घेतलं जातं, एकदा उभ्याने आणि एकदा बसून.' प्रोफे, ही तुम्हीच ना?"

आसन म्हणजे पँटची दोन पायांमधली गोलाई. पुढच्या कमरेपासून टेप खालून नेऊन मागच्या कमरेपर्यंत आणायची. बाई बसली की ते माप चार-पाच सेंटिमीटरनं वाढतं. वाढतं ते सगळं मागे. पुढे तर उलट पोटाशी घडी पडते. ही गोष्ट रुबिएलाने बावीस वर्षं या वर्गात घसा खरवडून सांगितली होती.

"पुढे वाच."

"'हा फरक पुढच्या व मागच्या भागात समान वाटून दिला जातो.'"

"समान?"

"हो, समान."

"कोण म्हणालं समान?"

लेइदीने बिचारीने पुन्हा मोबाइलकडे पाहिलं. "माहितगार क्रमांक तीन."

*

पाउलिनाची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. रुबिएला टाक्यांवर हात दाबून जिने चढली. लिफ्टला किल्ली लागायची आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना किल्ली मिळत नसे. बावीस वर्षं दर सत्राला नवा करार आणि बावीस वर्षं हेच जिने.

"दोन्या रुबिएला!" आदराचं 'दोन्या' लावून हाक मारत पाउलिना धावत दाराशी आली. "कशाला चढून आलात? मीच आले असते खाली. बसा ना. कॉफी घेता?"

हाच तर वैताग होता. बाई दुष्ट असती तर भांडता आलं असतं. पाउलिना छत्तीस वर्षांची, बार्सिलोनाहून डॉक्टरेट करून आलेली, मनानं लोण्याचा गोळा. गेल्या वर्षी रुबिएलाच्या घरी, आरांहुएस वस्तीच्या चढावर, रेकॉर्डर घेऊन चार रविवार आली होती. राजमा, भात, तळलेलं केळं, सगळं चाटूनपुसून जेवली होती. एका कागदावर सही घेतली होती. रुबिएलाने तो वाचला नव्हता. घरी जेवलेल्या माणसाचा कागद कोण वाचत बसतं?

"मी माहितगार क्रमांक तीन का?" रुबिएलाने विचारलं.

पाउलिनाचा चेहरा उजळला. "वाचलात तुम्ही? नाव देता येत नाही हो. नीतिसमितीचा नियम आहे. तुमच्याच संरक्षणासाठी."

"कुणापासून संरक्षण?"

पाउलिना कॉफीचा कप शोधू लागली.

"बरं, नाव जाऊ दे चुलीत," रुबिएला म्हणाली. "पण ते 'समान' कुठून आणलंत? माझ्या तोंडून उभ्या जन्मात तो शब्द गेला नाही."

"नाही, तुम्ही म्हणाला होतात. माझ्याकडे आहे ना."

तिने संगणकावर शोधून ते रेकॉर्डिंग लावलं. आधी रस्त्यावरचा बसचा घरघराट, मग रुबिएलाचा स्वतःचा आवाज, आपण एवढं भसाडं बोलतो हे तिला आजच कळलं. 'आता जो फरक आला ना डॉक्टर, तो पुढे-मागे वाटून द्यायचा—' आणि प्रेशर कुकरची लांबलचक शिट्टी. शिट्टी संपली तेव्हा रुबिएलाची बहीण गिल्मा ओरडत होती, 'अगं गॅस बारीक कर, राजमा करपेल!' आणि पुढे सगळं बोलणं राजम्याचं.

"शिट्टीत 'नाही' आहे," रुबिएला म्हणाली. "वाटून द्यायचा *नाही*. सगळा मागे द्यायचा."

पाउलिनाने पुन्हा लावलं. शिट्टी. पुन्हा लावलं. शिट्टी.

"अरे देवा," ती हळूच म्हणाली.

"दुरुस्त करा."

"करते. म्हणजे... लेख छापून झालाय. गुरुवारी मूल्यांकन समिती येतेय, आपल्या विभागाचा या दर्जाचा हा एकच लेख आहे. समिती जाऊ दे, मग मी निवांत लिहिते त्यांना."

"आणि तोवर पोरींनी कमरेला हात लावून बसायचं?"

*

विभागप्रमुख एर्नान सुलुआगा यांनी दार उघडं ठेवूनच ऐकून घेतलं, म्हणजे संभाषण लांबणार नाही. त्यांच्या टेबलावर समितीसाठीच्या फायली रचल्या होत्या.

"दोन्या रुबिएला, तब्येत आधी. चूक-बीक नंतर बघू. गुरुवारी त्या पँटी पुतळ्यांना घालून ठेवायच्यात. पुतळे बसत नाहीत."

"पुतळे नाही बसत. बायका बसतात, दॉन एर्नान."

"समितीतल्या बायका स्वतःच्या पँटी घालून येतील." स्वतःच्या विनोदावर ते थोडे हसले आणि मग आवाज खाली आणला. "हे पाहा. तुमच्या पदवीचा विषय मी आजवर कधी वर काढला नाही. काढला का? मग तुम्हीही काही वर काढू नका."

पदवी नव्हतीच. सहा महिन्यांच्या सरकारी शिलाई वर्गाचं प्रमाणपत्र होतं. जीन्सच्या कारखान्यात एकोणीस वर्षं मशीनवर काढल्यावर कारखाना बंद पडला. मशीनं दुरुस्त ठेवायला कुणी तरी हवं म्हणून ती या संस्थेत आली, आणि कटिंगची शिक्षिका बाळंतपणाला गेली ती परत आलीच नाही, म्हणून हिला वर्गात उभं केलं. तात्पुरतं.

त्या संध्याकाळी भाचीला शेजारी बसवून तिने लेख छापणाऱ्या मासिकाला पत्र लिहिलं. उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं, अतिशय सभ्य भाषेत: दुरुस्ती सुचवण्याचा अधिकार फक्त लेखकाला आहे, माहितगारांनी कृपया लेखकाशी संपर्क साधावा.

"म्हणजे तुझ्याच पँटबद्दल तुला बोलता येत नाही?" गिल्मा म्हणाली. "आणि माझं नाव? मीपण बोलले होते की त्यात."

"तुझं नाव नाही. तुझी शिट्टी आहे," रुबिएला म्हणाली आणि दार आपटून झोपायला गेली.

*

बुधवारी दुपारी वर्ग सुटल्यावर ती पाउलिनाला बोलवायला स्वतः गेली नाही. लेइदीला पाठवलं. पाउलिना आली तेव्हा टेबलावर दोन मीटर मांजरपाट, खडू, कात्री आणि लेखाची छापील प्रत ठेवलेली होती.

"एक पँट शिवा. तुमच्या मापाची. या कागदात लिहिलंय तशी."

"आत्ता? उद्या समिती आहे, मला तयारी..."

"हीच तयारी."

पाउलिनाने मशीनवर बसून बारा वर्षं झाली होती. सुई उलटी लावली, दोरा दोनदा तोडला. पहिली शिलाई सापासारखी गेली. रुबिएला शेजारी उभी राहून सुस्कारे सोडत होती, आणि कधी 'तुम्ही'चं 'तू' झालं ते दोघींनाही कळलं नाही.

"पाय हलका ठेव. मशीन पळून नाही जात. कापड ओढू नकोस, त्याला जाऊ दे. हां. आता बघ, गेलं की नाही?"

अडीच तासांनी पँट झाली. पाउलिनाने पडद्याआड जाऊन ती घातली आणि आरशापुढे उभी राहिली. चक्क बरी दिसत होती. तिच्या चेहऱ्यावर शाळकरी आनंद आला.

"बस," रुबिएला म्हणाली.

पाउलिना बसली. तिचा हात मागे गेला.

"हात काढ. दोन्ही हात मशीनवर. कारखान्यात हात मागे नेता येत नाही, सुईखालचं कापड थांबत नाही. बस अशीच."

पाउलिना बसली. पाठीमागे खिडकी होती, खिडकीतून येणारा वारा थेट तिच्या उघड्या कमरेला लागत होता. मिनिटभरानं तिने मान वळवून मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"हां," रुबिएला म्हणाली. "मागे वळून बघावंसं वाटतं ना? आमच्या मागून मुकादम फिरायचा. चाळीस जणी एका ओळीत, सगळ्यांच्या पँटी अशाच. आम्हीच शिवलेल्या. कुठल्या तरी परदेशी बाईच्या मापाच्या, जी बहुतेक कधी बसतच नव्हती. तो फिरायचा मागून, हळूहळू. काही करायचा नाही हो, नुसता फिरायचा. आणि थांबायचा. पत्र्याच्या छपराखाली जीव उकडून जायचा, तरी आम्ही चाळीस जणी कमरेला स्वेटर बांधून बसायचो. कुणी कुणाशी त्यावर बोललं नाही. मग मी एकदा जेवणाच्या सुट्टीत संडासात दोघींची मापं घेतली. उभ्याने आणि बसून. तिथून सुरू झालं ते."

पाउलिनाने मशीनवरचे हात काढले नाहीत.

"हे तुम्ही मुलाखतीत सांगितलं नाहीत."

"तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही विचारलंत, 'तुमच्या ज्ञानाचा स्रोत काय?' मी म्हटलं, अनुभव. तुम्ही लिहून घेतलंत, अनुभव." रुबिएलाने कात्री उचलली. "काढा ती पँट. मागचा भाग नवा बेतू. अजून तासभर उजेड आहे."

*

समितीत दोघं होते: बोगोताहून आलेले उंच, सर्दी झालेले गृहस्थ आणि काली शहरातून आलेल्या एक बाई, ज्या सगळ्याची टिपणं घेत होत्या. एर्नान त्यांना मजल्यामजल्यावरून फिरवत शेवटी कटिंगच्या वर्गात घेऊन आले. पुतळे उघडेच उभे होते.

"पँटी कुठायत?" एर्नान दबक्या आवाजात म्हणाले.

पँटी मुलींच्या अंगावर होत्या. रात्रीतून अकराही जणींनी मागचा भाग उसवून नवा घातला होता. पाहुणे आले म्हणून त्या उठून उभ्या राहिल्या होत्या.

"बसा, बसा," सर्दीवाले गृहस्थ म्हणाले.

मुली बसल्या. रुबिएला भिंतीशी उभी होती. तिची नजर अकरा कमरांवरून फिरली, डावीकडून उजवीकडे. एकही हात मागे गेला नाही. काहीच झालं नाही. पाहुण्यांना कळलंही नाही की आत्ता इथे काही झालं. नीट बेतलेल्या कपड्याचं हेच नशीब, तो कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. रुबिएलाला तेवढं पुरेसं होतं. खरोखर पुरेसं होतं.

"आणि आपण?" कालीच्या बाईंनी तिच्याकडे पाहून विचारलं.

"या आमच्या कार्यशाळा सहायक," एर्नान चटकन म्हणाले. "फार मदत होते त्यांची."

रुबिएलाने मान हलवली. चालेल. सहायक तर सहायक.

"सहायक नाहीत त्या," पाउलिना म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघू लागले. पाउलिनाच्या गळ्यावर लाल चट्टे उठले होते. "हा विषय त्याच शिकवतात. बावीस वर्षं. लेखातली पद्धत त्यांची आहे, माझी नाही. आणि मी ती चुकीची लिहिली आहे. मी दुरुस्ती पाठवणार आहे."

लेइदीने शेजारणीचा हात धरला. रुबिएला भिंतीपासून एक पाऊल पुढे आली, आणि तेवढ्यात तिने कालीच्या बाईंचं पेन पाहिलं. ते चालू लागलं होतं.

"वा," बाई मनापासून म्हणाल्या. "मग यांची शैक्षणिक पात्रता काय?"

एर्नाननी डोळे मिटले.

पाहुणे गेल्यावर पाउलिना धावत रुबिएलाकडे आली. तिला वाटत होतं, आपल्याला मिठी मिळेल.

"गप्प बसता आलं नाही तुला?" रुबिएला म्हणाली.

"पण खरं होतं ते!"

"खरं होतं म्हणून तर विचारतेय. बावीस वर्षं मी या वर्गात कशी टिकले, माहीत आहे? कुणी माझं नाव कुठे लिहिलं नाही म्हणून."

*

अहवाल नोव्हेंबरात आला. विभागाची प्रशंसा होती. शेवटच्या पानावर एक शिफारस होती: मुख्य विषय पदव्युत्तर पात्रता असलेल्या शिक्षकाकडेच असावा. पुढच्या सत्रासाठी रुबिएलाचा करार निघाला नाही. एर्नाननी तिला खोलीत बोलावून, या खेपेला दार लावून, एक प्रमाणपत्र आणि कुंडीतलं एक रोप दिलं. त्यांचे डोळे खरंच ओले होते, त्याचाही तिला रागच आला. पाउलिनाने वरपर्यंत दोन पत्रं लिहिली. पहिल्याचं उत्तर आलं नाही. दुसऱ्याच्या उत्तरात नियमाचा क्रमांक होता.

लेखाची दुरुस्ती डिसेंबरात छापून आली. मोजून दोन ओळी. 'समान वाटून' याऐवजी 'संपूर्णपणे मागील भागात' असे वाचावे. रुबिएलाचं नाव घालावं म्हणून पाउलिनाने जंग जंग पछाडलं. पण संमतिपत्रावर नाव गुप्त ठेवण्याची अट होती, आणि सही होती रुबिएलाचीच. नवीन संमतिपत्र देते म्हटलं, तर नीतिसमितीची बैठक मार्चमध्ये. रुबिएलाने हे सगळं फोनवर ऐकून घेतलं आणि 'तुम्हाला नाताळच्या शुभेच्छा' म्हणून फोन ठेवला. मग तासभर ती मिठाईसाठी दूध आटवत राहिली, आणि ते इतक्या जोरानं ढवळलं की गिल्मा उठून दुसऱ्या खोलीत जाऊन बसली.

जानेवारीच्या शेवटच्या सोमवारी सकाळी पावणेसातला फोन वाजला.

"दोन्या रुबिएला, मी." पाउलिनाचा आवाज कुजबुजल्यासारखा होता, मागे पोरींचा गलका. "मी वर्गाबाहेर उभी आहे. तिसरं सत्र मला दिलंय. सात वाजता आत जायचंय आणि... पहिल्या दिवशी काय करता तुम्ही?"

"माझं काय विचारतेस? विषयपत्रिका आहे ना तुमची?"

"आहे. पहिला तास, 'विषयाची ओळख'."

"देवा रे." रुबिएला पलंगाच्या कडेवर टेकली. "ऐक. पहिल्या दिवशी कागद नाही, खडू नाही, कात्रीचं तर नावच काढायचं नाही. ते पडद्यावरचं काही लावलंस तर याद राख. दोघींत एक टेप द्यायची आणि एकमेकींची मापं घ्यायला लावायची. खिदळतील. खिदळू दे. थोड्या वेळानं आपोआप थांबतात."

"बरं. मग?"

"मग बघायचं, कुणाला जोडीदारीण मिळाली नाही. एक असतेच. जाडी असेल, नाहीतर खेड्यातून आलेली, किंवा नुसतीच लाजरी. तिचं माप तू घ्यायचं. सगळ्यात आधी तिचंच, सगळ्यांच्या देखत. आणि आकडा मोठ्यानं म्हणायचा नाही. तिच्या वहीत लिहायचा, वही मिटायची आणि तिच्या हातात द्यायची. एवढंच. बाकी सगळं नंतर शिकवता येतं."

पलीकडे पाउलिना लिहून घेत असावी. मग घंटा झाली.

"जा आता. पोरी उभ्या असतील. उशिरा गेलीस तर त्या डोक्यावर बसतील."

फोन बंद झाल्यावरही रुबिएला तिथेच बसून राहिली. स्वयंपाकघरातून गिल्माने दोनदा हाक मारली, कपातलं चॉकलेट गार होतंय म्हणून. तिसऱ्यांदा ती दाराशी आली आणि थबकली.

रुबिएला आंघोळ करून, केस बांधून, बाहेर जायचे कपडे घालून बसली होती. पायांत काळे बूट होते, घट्ट नाड्या बांधलेले.

"कुठे निघालीस?" गिल्माने विचारलं.

"कुठे नाही," रुबिएला म्हणाली, आणि वाकून डाव्या बुटाची गाठ सोडायला लागली. गाठ दुहेरी होती. सुटायला वेळ लागला.